उष्ण हवेत जम्प जेटची शस्त्रे का घटतात? खरी अडचण उडण्याची नाही, उतरण्याची आहे

प्रश्न असा आहे: सी हॅरियर या जम्प जेटच्या, म्हणजे उभ्याउभी वर चढू आणि खाली उतरू शकणाऱ्या लढाऊ विमानाच्या, तक्त्यात साडेतीन टनांच्या आसपास शस्त्रभार छापलेला असतो. मग अरबी समुद्रात किंवा इराणच्या आखातात उडणाऱ्या हॅरियरच्या फोटोंत दोन-चार क्षेपणास्त्रे आणि इंधनाच्या दोन टाक्यांपलीकडे फारसे काही का दिसत नाही? गरम हवेत सगळ्याच विमानांची ताकद कमी होते, मग ओरड जम्प जेटच्याच नावाने का? आणि जहाजाच्या पुढच्या टोकाला स्की-जम्प, म्हणजे वर वळलेला चढ, असताना अडचण कसली?

माझी नोकरी नौदलाच्या हवाई शाखेत तांत्रिक बाजूला गेली. इंजिन, वजनाचे हिशेब आणि कामगिरीचे तक्ते हेच रोजचे काम होते. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. फोटोंबद्दल आधीच एक सांगून ठेवतो. शांतताकाळातल्या सरावाला कोणीही विमान शस्त्रांनी लादून पाठवत नाही, कारण प्रत्येक उड्डाणात महागडी क्षेपणास्त्रे हादरे खातात आणि त्यांचे आयुष्य कमी होते. म्हणजे फोटोत शस्त्रे कमी दिसली तर त्याचे कारण दर वेळी उकाडाच असते असे नाही. तरीही तुमची शंका मुळात बरोबर आहे.

आता प्रश्न थोडा फिरवून मांडू. आपण विचारतो, "हे विमान किती शस्त्रे घेऊन उडू शकते?" विमानवाहू जहाजावरच्या जम्प जेटसाठी खरा प्रश्न आहे, "शस्त्रे वापरली गेली नाहीत, तर किती परत घेऊन उतरू शकते?" या क्षेत्रातले लोक याला ब्रिंग-बॅक म्हणतात. बहुतेक गस्ती लढाईविना संपतात. विमान तासभर फिरते, शत्रू भेटत नाही, आणि जशी नेली तशी सगळी क्षेपणास्त्रे घेऊन परत येते. उतरताना ते वजन पेलले नाही, तर ती समुद्रात टाकून द्यावी लागतात. रोज हे करणे कोणत्याच नौदलाला परवडत नाही. म्हणून सकाळी शस्त्रे लावतानाच हिशेब संध्याकाळच्या उतरण्यावरून होतो.

उडताना हॅरियरला चार गोष्टींची मदत असते. डेकवर पळायला जागा मिळते, पंख थोडी उचल देतात, जहाज वाऱ्याच्या तोंडाला वेगाने चालत असते, आणि स्की-जम्प असेल तर तो विमानाला वरच्या दिशेने फेकतो. ही कल्पना रॉयल नेव्हीचे डग्लस टेलर यांची. पूर्वीच्या हर्मिसवर, म्हणजे आपल्या विराटवर, हा चढ 12 अंशांचा होता. चढावरून सुटताना विमानाला उडायला पुरेसा वेग आलेला नसतो, पण ते वर चाललेले असते. खाली येण्याआधी वेग वाढवायला त्याला काही सेकंद मिळतात आणि तेवढे पुरतात. त्यामुळे सी हॅरियरचे उड्डाणाचे कमाल वजन 11,900 किलोच्या आसपास जाते. इंजिनाचा थ्रस्ट, म्हणजे जोर, मात्र 21,500 पौंड, म्हणजे साधारण 9,750 किलो. थ्रस्टपेक्षा दोन टन जास्त वजन घेऊन हे विमान जहाजावरून निघते.

उतरताना यातले जवळजवळ सगळे हातचे जाते. पळायचे नसते, चढ नसतो आणि पंख नुसते लटकलेले असतात. सगळे विमान चार नोझलांतून खाली जाणाऱ्या हवेवर उभे असते. इथे नियम सरळ आहे: वजन थ्रस्टपेक्षा कमीच हवे, आणि तेही चांगला फरक ठेवून. गरम हवेचा फटका नेमका इथे बसतो.

हवेपासून सुरू करू. विमानांचे तक्ते समुद्रसपाटीवरच्या 15 अंश सेल्सिअस या प्रमाणित दिवसासाठी काढलेले असतात. तापमान 35 अंश झाले की त्याच दाबाला हवेची घनता साधारण साडेसहा टक्क्यांनी घटते. दमटपणा याला हातभार लावतो. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. 35 अंशांना 80 टक्के आर्द्रता असेल, तर घनता आणखी दीड-दोन टक्के कमी होते. पावसाळ्यात हवेचा दाब थोडा खाली असतो, तो टक्का वेगळाच. जेट इंजिन हवा गिळते आणि मागे फेकते. जितक्या वजनाची हवा फेकेल तितका जोर.

घनतेइतकाच जोर घटला असता तर एवढी चिंता नव्हती. पण गरम दिवशी इंजिनाला दुसऱ्या बाजूनेही दम लागतो. आत येणारी हवा मुळातच गरम असल्याने त्याच फेऱ्यांना, म्हणजे फिरण्याच्या त्याच वेगाला, कॉम्प्रेसर हा हवा दाबणारा भाग तिला कमी दाबतो, कारण गरम हवेच्या मानाने पात्यांचा तोच वेग कमी पडतो. फेरे वाढवून हे भरून काढावे, तर तापलेल्या वायूने फिरणाऱ्या टर्बाइनचे तापमान मर्यादेला टेकते. कॉकपिटमध्ये यासाठी जेट पाइप टेम्परेचरचा, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानाचा, काटा असतो, बोलताना सगळे त्याला जेपीटी म्हणतात. थंड दिवशी इंजिनाला बहुधा फेऱ्यांची मर्यादा आधी लागते, गरम दिवशी जेपीटीची. एकदा जेपीटी टेकला की थ्रॉटल पुढे ढकलून उपयोग नाही. पाती वितळत नाहीत, पण तापलेल्या अवस्थेत प्रचंड ताणाखाली ती हळूहळू लांबतात आणि इंजिनाचे आयुष्य झपाट्याने खर्ची पडते. हॅरियरवर हा खर्च मोजणारे वेगळे यंत्रच बसवलेले असे. गरम दिवशीचे प्रत्येक उभे उतरणे त्यात नोंदले जाई, आणि ते आकडे पाहून आमच्या कपाळावर आठ्या पडत.

घनता आणि जेपीटी यांचा मिळून परिणाम किती, हे इंजिन, त्याचे वय आणि रेटिंग यांवर अवलंबून असते. हिशेबासाठी प्रमाणित दिवसापेक्षा 20 अंश जास्त तापमानाला थ्रस्ट 10 टक्के घटला असे धरू. पुढचे आकडे कोणत्याही अधिकृत पुस्तिकेतले नाहीत, समजावण्यासाठी घेतलेले गोल आकडे आहेत. विमानाचे रिकामे वजन आणि इंजिनाचा थ्रस्ट मात्र खऱ्याच्या जवळचे आहेत.

थ्रस्ट 9,750 किलो. यातला सगळा उचलायला मिळत नाही. होव्हर करताना, म्हणजे हवेत एका जागी उभे राहताना, विमानाला तोल सांभाळायचा असतो, आणि हवेचा वेगच नसल्याने पंखांवरची नियंत्रणे निकामी असतात. म्हणून इंजिनातून दाबाची हवा काढून नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांवरच्या छोट्या झडपांतून सोडतात. ती हवा थ्रस्टमधून वजा. शिवाय डेकजवळ आल्यावर खाली आपटून पसरणारी हवा विमानाच्या पोटाखाली ओढ निर्माण करते. खाली येण्याचा वेग आवरायला थोडा जोर राखूनही ठेवावा लागतो. हे सगळे मिळून 8 टक्के धरू. उरले 8,970 किलो. सी हॅरियरचे रिकामे वजन 6,400 किलोच्या आत-बाहेर आहे. वैमानिक, पायलन (शस्त्रे टांगायचे आधार), तेल वगैरे धरून 6,800 घेऊ. उतरताना निदान एकदा फेरी मारून परत येण्याइतके इंधन हवे, ते 550 किलो. म्हणजे 7,350 किलो आधीच गेले, आणि शस्त्रांसाठी 1,620 किलो उरले.

आता तापमान 35 अंश करा. थ्रस्ट 8,775 झाला. 8 टक्के वजा केले की 8,073. विमानाचे वजन बदलत नाही, वैमानिकाचे बदलत नाही, आणि राखीव इंधन तर कमी करताच येत नाही. 7,350 वजा केले की शस्त्रांना उरतात 723 किलो. थ्रस्ट दहा टक्के घटला, शस्त्रभार निम्म्याहूनही खाली आला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी याच वजाबाकीत आहे. पगार दहा टक्क्यांनी कापला आणि घरभाडे व हप्ते तेवढेच राहिले, तर कात्री शिलकीलाच लागते. शस्त्रे ही जम्प जेटची शिलक आहे. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून ती उरते, आणि वरचा आकडा थोडा हलला की तिची दाणादाण उडते.

हे 723 किलो म्हणजे काय ते शस्त्रांच्या भाषेत पाहा. सी ईगलसारखे जहाजभेदी क्षेपणास्त्र सुमारे 600 किलोचे. थंड दिवशी दोन न वापरता परत आणता येतात, 1,200 किलो होतात. गरम दिवशी दोन परत आणणे अशक्य. मग एकच न्यावे? तेही कागदावरच सोपे दिसते. एका पंखाखाली 600 किलो आणि दुसऱ्याखाली काही नाही, अशा स्थितीत होव्हर करताना विमान एका बाजूला झुकू पाहते. ते सरळ ठेवायला पंखांच्या टोकाच्या झडपा सतत उघड्या लागतात, म्हणजे इंजिनातून आणखी हवा काढली जाते आणि जेपीटी आणखी चढतो. असमान भाराची मर्यादा म्हणूनच वेगळी लिहिलेली असते.

इंजिनात पाणी फवारून जोर वाढवता येत नाही का, असेही विचारले जाते, तेही घेऊ. हॅरियरच्या पेगासस इंजिनात ही सोय होती. विमानात सुमारे 227 लिटर खनिजमुक्त पाण्याची टाकी असे. ते ज्वलनकक्षात फवारले की टर्बाइन थंड राहते, तेवढे फेरे वाढवता येतात, आणि घटलेल्या जोरातला काही भाग परत मिळतो. वर मी घेतलेला 21,500 पौंडांचा आकडा पाण्यासहितचाच आहे. ही सोय उष्ण प्रदेशात वरदान होती यात शंका नाही. पण तिला दोन अटी होत्या. एक, पाणी दीड मिनिट पुरते. उड्डाणाला वापरले तर उतरताना तेवढे कमी. दुसरी अट लोकांच्या लक्षात येत नाही: पाण्यालाही वजन असते. उतरण्यासाठी राखलेले 227 किलो पाणी पूर्ण उड्डाणभर वाहून न्यावे लागते, आणि होव्हरच्या पहिल्या क्षणी ते जवळजवळ सगळे विमानातच असते. आपल्या 723 मधून ते वजा करा. पाचशे किलोही उरत नाहीत.

पाचशे किलोंत हवेतून हवेत मारा करणारी किती क्षेपणास्त्रे बसतात? अ‍ॅमराम क्षेपणास्त्र दीडशे किलोंच्या थोडे वर असते, साइडवाइंडर 86 किलोंचे. दोन अ‍ॅमराम, दोन साइडवाइंडर, संपले. रिकाम्या टाक्या लटकत असतील तर त्यांचेही वजन धरा. फोटोंत दिसणारे चित्र याहून फार वेगळे नाही. भारतीय सी हॅरियरना पुढे इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्र मिळाले. डर्बी 118 किलोंचे, अ‍ॅमरामपेक्षा बरेच हलके. ते निवडण्याची कारणे अनेक असतील. पण उष्ण समुद्रात जुन्या इंजिनावर उडणाऱ्या विमानाला क्षेपणास्त्रामागे तीस-चाळीस किलो वाचणे ही लहान गोष्ट नव्हती, हे माझे मत.

आता उतरण्याचे ते दीड मिनिट जवळून पाहा, म्हणजे आकड्यांत जीव येईल. विमान मागून येते आणि जहाजाच्या डाव्या अंगाला, डेकच्या बाहेर, समुद्रावर थांबते. थांबते म्हणजे जहाजाच्या वेगाने त्याच्याबरोबर सरकत राहते. नोझल खाली, पाणी सुरू, जेपीटीवर डोळा. मग आडवे सरकत डेकवर येते, नेमून दिलेल्या जागेवर स्थिरावते आणि खाली बसते. पाण्याची घटिका चालू असते. हवेत गरमी, डेकचे लोखंड उन्हाने तापलेले, आणि मागच्या दोन नोझलांतून सहाशे अंशांच्या वर तापलेला वायू त्यावर आपटतोय. त्यातला थोडा उसळून पुढच्या हवाद्वारात शिरला, की इंजिनाला 35 ऐवजी 40 अंशांची हवा मिळते आणि थ्रस्ट आणखी एक पायरी खाली येतो. तोही नेमका विमान डेकपासून काही फुटांवर असताना. म्हणूनच होव्हर डेकवर न करता बाजूच्या पाण्यावर करतात आणि डेकवर आल्यावर रेंगाळत नाहीत. पुढून वारा असेल तर गरम वायू मागे वाहून जातो आणि पंखांनाही किंचित उचल मिळते. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे वारा पडलेला, दमट, ढगाळ दिवस. उन्हाचा चटका कमी वाटतो, पण तक्ता वाईट आकडा दाखवतो.

मग अशा दिवशी प्रत्यक्षात काय करतात? पहिली कात्री इंधनाला. परत येताना वैमानिक आपले वजन मोजत येतो आणि जास्तीचे इंधन हवेतच सोडून देतो. पण इंधन म्हणजे वेळ. कमी इंधन घेऊन होव्हरला आलेल्या विमानाला दुसरी संधी जवळजवळ नसते. डेकवर कोणाचा टायर फुटला, जागा अडली, तर समुद्रावर दुसरी धावपट्टी कुठून आणणार? त्यामुळे इंधनाची कात्री ठरावीक रेषेपर्यंतच चालते. त्यानंतर पाळी शस्त्रांची.

दुसरा उपाय म्हणजे विमान निवडणे. एकाच प्रकारची दोन विमाने होव्हरमध्ये सारखी नसतात. एकाचे इंजिन नवे, दुसऱ्याचे शेकडो तास चाललेले, पाती खाऱ्या हवेने खडबडीत झालेली. म्हणून वेळोवेळी होव्हर करून पाहतात की ठरलेल्या वजनाला आणि तापमानाला किती फेरे आणि किती जेपीटी लागतो. ते आकडे विमानाच्या नावावर नोंदले जातात आणि वजनाच्या हिशेबात धरले जातात. जड काम असेल तेव्हा चांगल्या आकड्याचे विमान पाठवायचे. कॉम्प्रेसर धुणे हे त्यातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी काम. मिठाचा थर धुऊन काढला की दोन-चार अंश जेपीटी परत मिळतो, आणि आमच्यासाठी तो शस्त्रांच्या किलोंइतकाच मोलाचा.

"पहाटे उडावे, हवा थंड असते," असा सल्ला जमिनीवरच्या वाळवंटी तळांवर चांगला चालतो. समुद्रावर तेवढा नाही. पाण्याचे तापमान दिवसरात्र फारसे बदलत नाही आणि त्यावरची हवाही. उन्हाळ्यात इराणच्या आखातात पहाटेही हवा तिशीच्या वर आणि घामट असते. पहाटेचा फायदा होतो तो मुख्यतः डेक तापलेला नसण्याचा.

इतिहासातली उदाहरणे या हिशेबाला धरूनच आहेत. 1982 मध्ये फॉकलंड्सच्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात सी हॅरियरचे जे नाव झाले, त्यात दक्षिण अटलांटिकच्या हिवाळ्याचा वाटा होता. मे-जूनमध्ये तिथली हवा थंड आणि घन, वारा भरपूर. तेच इंजिन उष्ण कटिबंधात वेगळे वागते. पुढे सी हॅरियरच्या एफए2 या सुधारित आवृत्तीला अ‍ॅमराम मिळाले. हवाई लढाईसाठी ते विमान उत्तम झाले, पण वजन वाढले आणि इंजिन मात्र 21,500 पौंडांच्या वर्गातलेच राहिले. उन्हाळी आखातात न वापरलेली अ‍ॅमराम घेऊन उतरणे ही त्याची दुखरी जागा होती. 2002 मध्ये ब्रिटनने हे विमान मुदतीआधी काढायचे ठरवले, तेव्हा दिलेल्या कारणांत उष्ण हवेतली इंजिनाची मर्यादाही होती. 2006 मध्ये ते निवृत्त झाले. मोठे इंजिन त्यात का बसवले नाही, असे विचारले जाते. त्यासाठी विमानाच्या सांगाड्यातही मोठे बदल लागले असते. ते जमले हॅरियरच्या दुसऱ्या शाखेत. अमेरिकी एव्ही-8बी आणि ब्रिटिश जीआर7ए, जीआर9ए यांना 23,800 पौंडांचे पेगासस मिळाले. कागदावर वाढ 2,300 पौंडांची, पण गरम हवेत ब्रिटिश विमानांना तिचा लाभ 3,000 पौंडांच्या आसपास होता. वरच्या वजाबाकीत ते घालून पाहा, शस्त्रभार जवळजवळ तिप्पट होतो.

सोव्हिएत याक-38 या जम्प जेटची गोष्ट आणखी बिकट. त्यात उभे उचलायला दोन वेगळी छोटी इंजिने होती. उरलेल्या उड्डाणात ती नुसता भार. गरम हवेत तीही दमायची. 1980 मध्ये ते अफगाणिस्तानात नेऊन तपासले, तेव्हा उष्ण आणि उंच जागेने त्याच्या शस्त्रभाराची पार रया घालवली. दोन इंजिनांचे मेलेले वजन वाहायचे की एकाच इंजिनावर सगळे टांगायचे, या वादात मी पेगाससच्या बाजूचा आहे. पण माझा पक्षपात उघड आहे.

एफ-35बी या आजच्या अमेरिकी जम्प जेटने हा प्रश्न सुटला का? सुटला नाही, मोठा झाला आणि शिस्तीत आला. तिथे पुढचा पंखा आणि मागचा वळणारा झोत मिळून सुमारे 18 टनांचा उभा जोर मिळतो. पण विमानच साडेचौदा टनांच्या आसपास रिकामे. म्हणजे पुन्हा दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी. फरक हा की इथे ब्रिंग-बॅक ही सुरुवातीपासून लेखी अट होती: गरम दिवशी प्रत्येकी हजार पौंडांचे दोन बॉम्ब, दोन अ‍ॅमराम आणि राखीव इंधनासह उभे उतरता आले पाहिजे. 2004 मध्ये वजन हाताबाहेर चालले, तेव्हा ही अट पाळण्यासाठी बाराशे किलोंच्या आसपास वजन खरवडून काढावे लागले. त्यातच बॉम्बचा कप्पाही आखडला. एफ-35 च्या दुसऱ्या दोन प्रकारांच्या पोटात 2,000 पौंडांचा बॉम्ब बसतो, एफ-35बीच्या पोटात हजार पौंडांपर्यंतचाच.

ब्रिटिशांनी याच्यापुढे जाऊन उतरण्याची पद्धतच बदलून पाहिली. पूर्ण थांबून उभे उतरण्याऐवजी विमान थोडा वेग ठेवून मागून येते, डेकवर टेकते आणि ब्रेक लावून थांबते. वेग असल्याने पंख काही भार उचलतात आणि तेवढे जास्त वजन परत आणता येते. ऑक्टोबर 2018 मध्ये चाचणी वैमानिक पीटर विल्सन यांनी एचएमएस क्वीन एलिझाबेथवर असे पहिले उतरणे केले. यासाठी लांब डेक लागतो, तो कोरडा नसेल तर ब्रेकचा प्रश्न येतो, आणि समोर उभी असलेली विमाने आधी हलवावी लागतात. तरीही गरम समुद्रासाठी मला हा सर्वांत शहाणा उपाय वाटतो. इंजिनाकडून आणखी किलो पिळण्यापेक्षा पंखांना कामाला लावणे स्वस्त पडते.

इथवर आलेले थोडक्यात: स्की-जम्प उड्डाणाची अडचण सोडवतो, उतरण्याची नाही. उभे उतरताना थ्रस्ट हीच कमाल मर्यादा, आणि गरम दमट हवा ती खाली ओढते. विमान आणि राखीव इंधन यांचे वजन हलत नसल्याने सगळी तूट शस्त्रांच्या वाट्याला येते. लढाईत, शस्त्रे टाकूनच परतायचे नक्की असेल, तर ही मर्यादा बाजूला ठेवून जास्त भार नेता येतो. त्या दिवशी उड्डाणाचा तक्ता राज्य करतो.

मग उष्ण समुद्रात जम्प जेट निरुपयोगी का? मला तसे वाटत नाही. काम कोणते, त्यावर आहे. ताफ्यावरचे हवाई छत्र धरायचे असेल, तर दोन-चार हलकी क्षेपणास्त्रे पुरतात आणि ती परतही येतात. 1983 पासून 2016 पर्यंत आपल्या सी हॅरियरनी हेच काम उष्ण पाण्यात केले. जड बॉम्ब घेऊन लांबच्या लक्ष्यावर रोज जायचे असेल, तर मात्र हे हत्यार चुकीचे. विक्रमादित्यवरचे मिग-29के स्की-जम्पवरून उडते पण तारांना अडकून उतरते. तिथे उकाडा उड्डाणाच्या वेळी वजन कमी करायला लावतो. न वापरलेला बॉम्ब परत आणताना मात्र सगळे वजन थ्रस्टवर तोलून धरावे लागत नाही. तार किती वजन किती वेगाने झेलू शकते, मुख्यतः तेवढेच पाहायचे.